माहेरची रीत

मुलीने तुटलेल्या सुरीचा तुकडा खिडकीशी नेला आणि तुटलेली कड भिंगातून पाहिली. आत साखरेएवढे जाड दाणे होते. नीट तापवलेलं पोलाद तुटलं, तर आतून राखेसारखं बारीक, करडं दिसतं. ही सुरी कसायाच्या हातात तुटली होती आणि तुटताना त्याच्या अंगठ्याची शीर कापून गेली होती.

"पोलाद चांगलं आहे, बाबा. जास्त तापलंय."

"तुटलेली ही अकरावी," वडील म्हणाले. "अकराच्या अकरा जास्त तापवल्या? चाळीस वर्षं भट्टीपुढे बसून मी काय माशा मारल्या?"

त्यांच्याकडे कारणांना तोटा नव्हता. तेलाचा डबा बदलून झाला. ऐरणीचं तोंड उत्तरेकडे फिरवून झालं. ज्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं हे पोलाद, त्याच्याखाली कुणीतरी मेलं असणार, असलं लोखंड रक्त मागतं, म्हणून पोलादही बदललं. एकच कारण उरलं होतं.

"तुझी आई गेल्यापासून हे सुरू झालंय. होकार द्यायला भट्टीपाशी बाई नाही."

होकार ही त्यांच्या घरची रीत. तापलेलं पातं तेलात बुडवून कडक करायचं, तेव्हा घरच्या बाईने भट्टीच्या डावीकडे उभं राहायचं. ती 'हं' म्हणाली की मगच पातं बुडवायचं. लग्न होऊन आली तेव्हा आईने ही रीत माहेराहून आणली. वडील तेव्हा धंद्यात नवे होते आणि पात्यामागून पातं तडकत होतं. होकार सुरू झाला आणि तडकणं थांबलं. पुढे त्यांच्या सुऱ्यांचं नाव झालं.

"म्हणजे आईचं 'हं' पोलादाला ऐकू जायचं?"

"हस. कारखान्यात धातू तपासतेस म्हणून सगळंच कळतं असं नाही, मास्तरीणबाई." त्यांनी खिडकी लावून घेतली. उजेडात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही. "हे शेवटचं पातं. हेही गेलं तर भट्टीत पाणी ओतणार. आणखी कुणाचं रक्त माझ्या नावावर नको."

हे ते चेष्टेत म्हणत नव्हते. म्हणून तर ती रजा टाकून आली होती. तिने पिशवीतून दांडीला बांधलेला लोहचुंबक काढला.

"पोलाद हवं तेवढं तापलं की चुंबक चिकटायचा थांबतो. थांबला की क्षणभर धरायचं आणि बुडवायचं. बास. त्याला ना दिशा लागते, ना बाई."

"आता खेळण्यावर भट्टी चालवू?"

"आजच्या दिवस. माझ्यासाठी."

कुरकुरत त्यांनी मामाने शिवून दिलेला जाड कापडाचा ॲप्रन बांधला, भट्टीचा पंखा सुरू केला आणि पातं सांडशीत धरून निखाऱ्यांत सारलं. थोड्या वेळाने तिने चुंबक टेकवला. चिकटला. पुन्हा टेकवला, तर ओढून काढावा लागला. तिसऱ्यांदा तो नुसताच पात्यावरून घसरला. पातं डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं होतं.

"काढा, बाबा. बुडवा."

"काय बुडवू? काळं आहे अजून."

"लाल आहे की!"

"कुठे लाल? तुझा चुंबक बिघडलाय, पोरी."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे बारीक करून पात्याकडे बघत होते. आई त्यांना कधी टोमॅटो आणू द्यायची नाही. 'हिरवेच उचलून आणतात,' असं चारचौघांत सांगून हसायची. सगळे हसायचे. वडीलही हसायचे.

तिने चटकन नजर चुंबकाकडे वळवली. पण तोवर वडिलांनी मान वळवून तिचा चेहरा पाहिला होता.

"खरंच लाल आहे?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही. आईला जमत होतं.

"हो."

त्यांनी पातं बाहेर काढलं. तेलाचा डबा हाताशी होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पातं डोळ्यांसमोर धरून ते उभे राहिले.

"आणि मला लाल दिसतं, तेव्हा?"

"तेव्हा ते केशरीच्याही पुढे गेलेलं असणार." ती घाईघाईने म्हणाली, "पण चुंबक आहे ना, बाबा! त्याच्यावर सगळं नीट होईल. असतात काही जणांचे डोळे असे. जन्मापासूनच..."

तिने जीभ चावली.

"जन्मापासून," वडील म्हणाले.

त्यांनी पातं ऐरणीवर ठेवलं. मोकळा हात ॲप्रनच्या शिवणीवरून फिरत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"तुझा मामा शिंपी. त्याचे वडील शिंपी. आजाही शिंपीच."

"बाबा..."

"त्यांच्या घरात भट्टी कुठली?"

पंखा बंद झाला. ऐरणीवरचं पातं धड होतं, सरळ होतं, कुठे तडा नव्हता. वडिलांनी कोपऱ्यातली बादली उचलली आणि सगळं पाणी भट्टीत ओतलं. वाफ छपरापर्यंत गेली. ती ओसरली. मग ते वाकून निखाऱ्यांकडे पाहू लागले. बराच वेळ पाहत राहिले.

"विझली का गं?"

तळाशी अजून लाल होतं.

"हं," ती म्हणाली.