बुलबुलाची आंघोळ

विनिताने घाणेरीच्या जाळीपुढे परात ठेवली, बाटलीतलं पाणी ओतलं, मधोमध एक दगड टेकवला आणि मागे येऊन फतकल मारून बसली. कळव्याच्या टेकडीवर ऊन चढायला लागलेलं. आज काय तो निकाल लावूनच खाली उतरायचं, असं तिने घरूनच ठरवलं होतं.

तिचे यजमान संदेश म्हणजे पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपचं हायकोर्ट. काल इथेच तिला एक बुलबुल दिसलेला. अंगाने लालबुड्या बुलबुलासारखा काळपट, पण तुरा शिपाई बुलबुलासारखा टोकदार, आणि गालावर लाल ठिपका. दोन्ही जातींचा संकर! असा पक्षी जन्मात एखाद्याच्याच वाट्याला यायचा. तिने लगेच ग्रुपवर टाकलं, आणि नवरेबुवांनी सोफ्यावर पडल्या पडल्या उत्तर ठोकलं, "परवा धुळवड झाली. गुलाल आहे." मग काय, सगळ्यांना ऊतच आला. ग्रुपमधल्या अपूर्वने गेल्या धुळवडीला रंगलेला बगळा नवी जात म्हणून टाकलेला, तोसुद्धा उकरून काढला. रात्री विनिताला जेवण गेलं नाही. लोक हसले त्याचं एवढं नाही; पण इतकी वर्षं ह्यांच्या मागे रानोमाळ हिंडले, ती काय नुसता डबा वाहायला?

म्हणून ही परात. रंग असेल तर धुऊन जाईल, नसेल तर राहील. संदेश आले होते, पण तिची हौस फिटावी म्हणून. सावलीत बसून ते फोन बघत होते.

कालचाच बुलबुल आला. आज जवळून बघताना छातीवर, पंखांवरही गुलाबी झाक दिसत होती. दगडावर बसून त्याने इकडेतिकडे मान वळवली, पाण्यात उतरला आणि मनसोक्त पंख फडफडवले. पाणी गुलाबी झालं.

 संदेश हसले, मी काय म्हटलेलं म्हणाले, आणि तिथल्या तिथे ग्रुपवर कळवूनही मोकळे झाले. पाठपिशवी खांद्याला मारून ते उठले.

"वाळू दे त्याला," विनिता म्हणाली. तिच्या डोळ्यांवरची दुर्बीण हलली नाही.

भिजलेला बुलबुल काटकीवर बसून पिसं साफ करत होता, अगदी पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. संदेशनी चल, ऊन लागेल म्हणून पाहिलं. ती ढिम्म. गुलाल होता तर होता, त्याच्याखाली काय आहे ते बघितल्याशिवाय ती उठणार नव्हती. हळूहळू पिसं सुटी झाली. तुरा टोक काढून उभा राहिला. छातीवरचा, पंखांवरचा गुलाबी रंग पार गेला होता. डोळ्यामागचा नखाएवढा लाल ठिपका मात्र जागच्या जागी होता, आणि त्याच्याखाली, शिपाई बुलबुलाला असतो तसा, काल न दिसलेला पांढुरका डागही. विनिताला रडूच आलं. तसंच नाक ओढत तिने हलक्या आवाजात एकेक खूण सांगितली.

संदेश उभ्या जागी थबकले. हातातल्या फोनवर ग्रुपचे अंगठ्यावर अंगठे येत होते.

"तू म्हणतेस तर असेलच गं," ते शेवटी म्हणाले. "मी लिहितो आत्ता, माझं चुकलं म्हणून."

"आधी पिशवीतून दुर्बीण काढा," विनिता म्हणाली. "न बघता काही लिहायचं नाही."