वाढत्या अंगाचं चिलखत

दंतकथेवरच्या कादंबरीचा पाचवा भाग वाचून संपादक खूश झाले. "ताई, राक्षसाशी लढाई झकास जमलीय. पण आपल्या छोट्या राजकन्येचं चिलखत अजून ढगळंच? पहिल्या भागात लोहारानं वाढत्या अंगाचं म्हणून करून दिलं होतं. आता तरी तिला ते नीट बसू द्या. पोरं विचारून विचारून जीव खातात माझा!"

"बघते," लेखिका म्हणाली.

घरी येऊन तिनं ते वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी उठून तिनं कपाट उघडलं. लेकीचा शाळेचा फ्रॉक तसाच टांगलेला होता, वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला. त्याची खालची दुमड उसवायची वेळच आली नव्हती.