मान खाली घालायची नाही

तीस वर्षं शाळेची घंटा वाजवणारे शिपाई गेनूमामा पहाटे वारले, असं कुंभोजकर बाईंनी सहावीच्या वर्गाला सांगितलं आणि दोन मिनिटं मौन पाळायला उभं केलं. चाळीसच्या चाळीस पोरं ताठ मानेनं फळ्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघत हसत राहिली.

"अरे, माना तरी खाली घाला," बाई म्हणाल्या.

"बाई, मान खाली गेली की लक्षाचे गुण जातात, आणि हसलं नाही की उत्साहाचे," पहिल्या बाकावरची मृण्मयी हसतच म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

बाईंना शिसारी आली. त्या कॅमेऱ्याची, आणि तो बसवला तेव्हा आपणच वाजवलेल्या टाळ्यांचीही.

तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. 'शिक्षिकेचा उत्साह कमी,' अशी अक्षरं उमटली.

बाईंनी पदरानं डोळे टिपले, मान वर केली आणि कॅमेऱ्यापुढे दात काढले.