सांभाळायला दिलेलं विरजण

“अण्णा, महिनाभर माहेरी चाललेय. एवढं विरजण सांभाळा,” शेजारच्या कुंदाने वाटी पुढे केली. “सासूबाईंच्या वेळचं आहे. रोज दही लावा. आमच्या ह्यांना नाही जमायचं.”

बायको गेल्यापासून अण्णांचं जेवण म्हणजे पाकिटातले नूडल्स. रक्तदाब वाढला तसे डॉक्टर रागावले, तरी नूडल्स सुटत नव्हते.

आता रोज दूध तापवणं आलं. लावलेलं दही संपवायला भात आला, भातापाठोपाठ आमटीही. पाकिटं फडताळात पडून राहिली.

एके दिवशी जिन्यात कुंदाचा नवरा भेटला.

“तुमच्या आईचं विरजण ठणठणीत आहे हो,” अण्णा म्हणाले.

“कसलं विरजण? आमच्याकडे पहिल्यापासून डेअरीचंच दही येतं.”

अण्णा हसले. मग म्हणाले, “कुंदा आली की दोघं जेवायला या. कढी करतो.”