सातव्या पिंपाची चव

सातव्या पिंपातल्या वाइनचा घोट बाईंनी तोंडात घोळवला, बादलीत थुंकला आणि वहीत लिहिलं : लोणी, भाजलेले बदाम, शेवटी धूर.

यंदा पहिल्यांदाच मालकाने तो ग्लास उचलून स्वतः चाखला. पुन्हा चाखला. मग वही आपल्याकडे ओढली.

बाईंची जीभ म्हणजे काय चीज होती ते आधी ऐका. एकदा पांढऱ्या वाइनचा एकच घोट घेऊन त्या म्हणाल्या होत्या, हे पिंप भरणाऱ्याचं सकाळी बायकोशी वाजलेलं दिसतंय. चौकशी केली तर खरंच. खोटं वाटत असेल तर तिच्या माहेरी जाऊन विचारा, ती अजून तिथेच आहे.

अशा बाईंच्या शब्दावर तळघर चालायचं. ओकचं लाकूड चार-पाच वर्षं वाइनला चव देतं, मग थकतं. बाईंनी ‘संपलं’ लिहिलं की पिंप मधोमध कापायचं आणि त्याच्या कुंड्या करायच्या. सातव्याचं हे नववं वर्ष. ते बाईंच्या नवऱ्याने बांधलेलं शेवटचं पिंप. पिंपं आतून जाळावर भाजता भाजता तो स्वतःच निम्मा भाजून घरी यायचा. हे बांधलं आणि महिन्याभरात तो गेला.

“बाई,” मालक चाचरत म्हणाला, “मला नुसतं लिंबू लागतंय. धूर कुठे आहे?”

“तुम्ही कुठे त्याच्या शर्टात नाक खुपसून झोपलाय?”

मालक कानापर्यंत लाल झाला. राहू दे आणखी एक वर्ष, म्हणाला, एका पिंपाने काय बिघडतंय.

ते मात्र बाईंना लागलं. त्यांच्या जिभेला आजवर कुणी सांभाळून घेतलं नव्हतं. त्यांनी वही परत घेतली, तिन्ही चवी खोडल्या आणि खाली लिहिलं : लिंबू. संपलं.

मग त्यांनी सातव्याची तोटी उघडून आणखी एक घोट घेतला. मालकाने सवयीने बादली पुढे केली. बाईंनी हातानेच ती बाजूला सारली आणि गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून त्या जिना चढल्या.

फाटकावरच्या रखवालदाराने हाक मारली, त्याला नुसती मान डोलावली. कोपऱ्यावर धाकटी जाऊ भेटली. ती बराच वेळ एकटीच बोलली आणि फार खुशीत घरी गेली. दारात सुनेने विचारलं, “आई, दाढ दुखतेय का हो?”

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं आणि खोलीत जाऊन खुंटीवरच्या शर्टाशेजारी बसल्या. जेवायची वेळ झाली तरी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.