फक्त ढकलायचं

कापड कापायचं टेबल खोलीच्या दारात अडकलं आणि आत उभ्या काकाने सरळ करवत मागितली.

"वहिनी, पाय कापू याचे. दुसरा इलाज नाही."

"आधी माझे कापा, भावजी!" आई म्हणाली. त्या टेबलावरच तिचं शिवणकाम चालायचं. नव्या घरातल्या या टीचभर खोलीत ते मावलं नाही, तर पुन्हा कारखान्यात जाऊन दिवसभर नुसत्या बाह्या जोडत बसणं आलं.

"थांबा!" चिमणी ओरडली. "मी सांगते तसंच करायचं."

आतून बाबांनी कपाळावर हात मारला. "झालं! आता खोकीवाल्या बाई बोलणार."

सगळी सुट्टी चिमणीने जुन्या कॉम्प्युटरवर एकच खेळ खेळून काढली होती. एक गोदाम, एक बुटका हमाल आणि खोकी. प्रत्येक खोकं ढकलत ढकलत त्याच्या खुणेवर न्यायचं. एक जरी कोपऱ्यात गेलं, की मुसळ केरात. डाव पहिल्यापासून.

ती टेबलाखालून आत डोकावली. "बाबा, मशीन खिडकीकडे. काका, कपाट ढकल. अजून. अजून!"

कपाट धाडकन कोपऱ्यात जाऊन बसलं. टेबलाची वाट आता पुरतीच बंद झाली.

"संपलं," चिमणीचा आवाज चिरकला. "कपाटाच्या मागे उभंच राहता येणार नाही आता."

"करवत," काका म्हणाला.

"नाही म्हणजे नाही!" तिने टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. "विचार करू दे मला."

"अगं, पण मागे जायचंय कशाला?" आई म्हणाली. "पुढून ओढा की!"

काकाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी कपाटाकडे. पोरीच्या हुकमांच्या नादात दोघांनाही ओढायचं सुचलंच नव्हतं.

कपाट ओढून बाजूला झालं. टेबल आत सरकलं, चारही पायांनिशी.

संध्याकाळी त्याच टेबलाच्या टोकाला कॉम्प्युटर मांडून चिमणी बसली. हमाल पुन्हा अडला होता. आई मागे येऊन उभी राहिली, हातात कात्री.

"ओढ ना ते खोकं."

"इथे ओढता येत नाही, आई. फक्त ढकलायचं."

"हात्तिच्या! असं होय?"

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने कात्री खाली ठेवली.

"सरक तिकडे."