तिच्या खोलीचं सामान

“ही नव्हे,” खुर्चीतून उठत ती म्हणाली. “हिचे हात गार लागतात.”

सकाळपासून तिनं नाकारलेली ही कितवी खुर्ची, कोण जाणे. नवऱ्यानं ओशाळून दुकानदारबाईंकडे पाहिलं. जुन्या फर्निचरच्या धंद्यात बाईंचे केस पांढरे झाले होते, पण त्याही बघतच राहिल्या होत्या. नवीन लाकडाला काळं पॉलिश मारून जुनं म्हणून ठेवलेलं एक टेबल तिनं नुसता हात फिरवून बाजूला सारलं होतं. सकाळी दात घासले का, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

आधी माणसांची नावं गेली. मग रस्ते गेले. मग गॅस बंद करणं गेलं. आता संध्याकाळ झाली की ती पर्स काखोटीला मारून दाराशी उभी राहायची. “घरी सोड ना रे मला,” म्हणायची. “अगं, हेच आपलं घर,” असं त्यानं म्हटलं की हमसून हमसून रडायची. तिच्या मनातलं घर म्हणजे माहेर. ते केव्हाच पाडलं होतं आणि त्या जागी गाड्या धुवायचं गॅरेज आलं होतं. तिला तिकडे नेता येत नव्हतं. मग तिची खोलीच इथे आणायची, असं त्यानं ठरवलं.

लेक फोनवर वैतागली होती. “बाबा, त्यानं ती बरी होणार नाहीये. उगाच आशा लावून बसू नका.”

“आशा कसली गं,” तो म्हणाला होता. “रडू नये एवढंच.”

दुकानदारबाईंनी स्टूल ओढलं. “हे बघा, घराला शोभेल ते कुणीही विकेल. मी माणसाला शोभेल ते देते. कशा आहेत तुमच्या मिसेस, ते सांगा.”

तो उत्साहानं सांगू लागला. “हट्टी. टापटिपीची. सगळं जागच्या जागी लागतं. उधळपट्टी खपत नाही. हसायला लागली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते.”

“हे आत्ताचं की लहानपणीचं?”

“लहानपणीची मी नाही पाहिली हो,” तो म्हणाला.

“मग त्यांनाच निवडू द्या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त मागे उभे राहा.”

तो मागे उभा राहिला. ती दुकानभर फिरली. कातीव खांबांचा अरुंद पलंग दिसताच ती त्यावर आडवीच झाली. काचेच्या दारांचं पुस्तकांचं छोटं कपाट तिनं उघडून हुंगलं. उतरत्या फळीच्या लिहायच्या मेजाखाली हात घालून कसलीशी कळ शोधली आणि चोरकप्पा उघडताच खुदकन हसली. एका आरशाच्या टेबलापाशी मात्र ती अदबीनं मागे सरकली. आरशाकडे बोट दाखवत दुकानदारबाईंना म्हणाली, “आधी त्या बाईंचं होऊ दे. माझी काही घाई नाही.”

आरशाचं टेबल घेतलं नाही.

तो जन्मभर पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढलेला माणूस. तिला विचारून विचारून त्यानं खोलीचा नकाशा काढला. पलंग खिडकीखाली, मेज दाराच्या डावीकडे, कपाट कोपऱ्यात. एवढं सगळं मावेना, तेव्हा त्यानं दोघांचा मोठा पलंग स्वतःच्या हातांनी खोलून काढला. भिंतीवरचा लग्नाचा फोटो तिच्या नकाशात कुठेच बसत नव्हता. तोही उतरवला. स्वतःसाठी बाहेरच्या खोलीत घडीची खाट टाकली.

सामान लागलं त्या दिवशी ऊन उतरताना त्यानं तिला हाताला धरून आत आणलं. ती दारातच थबकली. मग चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, पर्स मेजावर ठेवली आणि पलंगावर मांडी घालून बसली. कितीतरी महिन्यांत तिच्या चेहऱ्यावरचा तो ताण पहिल्यांदाच सैल झाला. तिनं उशी मांडीवर घेतली. कसलंसं गाणं गुणगुणू लागली. ते त्यानं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, म्हणून त्यानं लेकीला फोन लावला. “रडली नाही गं,” तो कुजबुजला. “बघ, आज दाराकडे गेलीसुद्धा नाही.” पलीकडून लेकच रडायला लागली. त्यानं तिची समजूत घालून फोन ठेवला.

मग तो आत गेला. खाली वाकून त्यानं विचारलं, “चहा टाकू का गं? बरं वाटतंय ना आता?”

तिनं मान वर केली. जन्मभर ती त्याला अरेतुरे करत आली होती. भांडताना तर खासच. आता ती चटकन सावरून बसली, अंगावर नसलेली ओढणी नीट करावी तसे छातीवरून हात फिरवले आणि ज्या आर्जवानं मुली वडीलधाऱ्या पाहुण्यांशी बोलतात, तशी बोलली.

“खूप बरं वाटतंय. तुम्ही मला पोचवायला आलात, फार उपकार झाले, काका. पण आता निघा तुम्ही. तुमच्या मिसेस काळजी करत असतील.”